एका अक्षराचा फेर

कुठे काही वेगळं जन्माला आलं, की निमगडे साहेबांकडे निरोप यायचा. सहा बोटांचं मूल, पांढरा कावळा, बिनशिंगाचा गोऱ्हा, पानांवर पट्टे उमटलेली केळ; काहीही असो. निरोप मिळाला की ते भरल्या ताटावरून उठायचे, स्कूटर काढायचे आणि जायचे. जाऊन करायचे काय, तर पाहायचे. समोर उकिडवं बसून बराच वेळ नुसतं पाहायचे. मग याची आई कशी होती, बाप कसा होता, आधीची वेतं, म्हणजे बाळंतपणं, कशी झाली, हे घरातल्या बाईला विचारायचे. पुरुषांना विचारत नसत, कारण पुरुषांना वेतं आठवत नाहीत असं त्यांचं मत होतं. कोणी शकुन-अपशकुनाचं काढलंच तर म्हणायचे, "पहिले पाहून घ्या ना भाऊ. भ्याचं का हासाचं, ते मांगून ठरवू."

सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात ते धानाची नवी वाणं तयार करण्याच्या कामावर होते. मी नागपूरहून तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायला गेले, तेव्हा त्यांच्याच घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिले. खाली साहेब, प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या शीलावहिनी आणि त्यांची मुलगी पल्लवी. पल्लवी अकरावीला, माझ्याच वर्गात होती. साहेबांनी डॉक्टरेट मिळवली होती, प्रबंध इंग्रजीत लिहिला होता, पण बोलणं अस्सल झाडीपट्टीचं. केंद्रावर पुण्याहून मोठे पाहुणे आले तरी त्यात फरक पडत नसे. "इंग्रजी कागदावर," ते म्हणायचे. "धानाच्या बांधीत उतरलो का मले दुसरी भाषाच आठवत नाई."

पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी मला एकदा सोबत नेलं. नवरगावच्या वाटेवर, जंगलाला लागून असलेल्या एका गावात म्हशीनं वगार दिली होती आणि ती दुधासारखी पांढरी होती. डोळे गुलाबी. उन्हाकडे तोंड झालं की ती डोळे मिटून घ्यायची. गोठ्याबाहेर अर्धं गाव जमलेलं. म्हशीची मालकीण अनुसयाबाई एका खांबाला टेकून उभी होती, आणि जमलेले लोक तिच्याशी न बोलता तिच्याविषयी बोलत होते. घरात मयत होणार, त्याआधी वगार जंगलात सोडून यावी, असं ठरत आलं होतं.

साहेबांनी वगारीच्या डोळ्यांसमोर हात धरून सावली केली. "काही नाई झालं बाई," ते म्हणाले. "रंग बनवाचा कारखाना बंद हाय तिच्या अंगात. बाकी म्हैस ते म्हैसच. उन्हात नोका बांधू, बस. मोठी झाली का दूध देईन, अन् दूध काळं नाई येणार."

कोणी हसलं नाही. एक म्हातारा पुढे आला. शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमी पाहून जाता. आमाले इथी राहा लागते."

साहेबांनी स्कूटर वळवली. आम्ही परतलो. पुढच्याच आठवड्यात कळलं की वगार रस्त्यापलीकडच्या सागवनात नेऊन बांधली होती आणि सकाळी तिथे दोरी आणि वाघाचे माग एवढंच होतं. मला फार राग आला. साहेबांना आला नाही.

"लोकाहिवर राग नोका धरू मॅडम," ते म्हणाले. "वेगळं दिसलं का कळपाबाहेर काढते माणूस. मी बी वावरात तेच करून राह्यलो ना. ओळीत एखादं झाड उंच दिसलं, का वेगळ्या लोंबीचं दिसलं, उपटून धुऱ्यावर फेकतो. माझी नौकरीच हे हाय."

त्यांची ही दुसरी बाजू मी पुढच्या पावसाळ्यात पाहिली. धानाचं बी कापडी थैलीत भरून मुंबईला जायचं, तिथे त्यावर किरण सोडत आणि थैली परत यायची. बी दिसायला होतं तसंच. हातात घेतलं तर काही कळायचं नाही. पेरल्यावर पहिल्या पिढीत थोडी झाडं खुरटायची, थोडी वांझ निघायची. पण आत नेमकं काय घडलं ते दुसऱ्या पिढीत बाहेर यायचं. ती दुसरी पिढी पाहायला मी बारावीचा वर्ग घेऊन केंद्रावर गेले. हिरव्यागार पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या कोवळ्या रोपांच्या, वाफ्यात मधेमधे पांढऱ्या रोपांचे पुंजके उभे होते. मुळापासून टोकापर्यंत पांढरी, कागदासारखी. वाऱ्यानं हलत होती. मुलींना ती फार आवडली. एकीनं फोटोही काढले.

साहेब धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहून मुलांना सांगत होते, "समजा, एक लांब वाक्य हाय. ते तुमाले जल्मभर लिहत राहा लावलं. कुठीतरी एक अक्षर चुकन का नाई? पेशी तेच करते. नक्कल करते, अन् एखाद्या टायमाले चुकते. किरण लावले का जास्त चुकते, काही रसायनाहिनं चुकते, अन् काहीच नाई केलं तरी चुकते. बहुतेक चुका मुक्या राह्यते, कोणाले पत्ता नाई लागत. काही मारून टाकते. एखादी कामाची निघते, त्या एकीसाठी म्या इथी केस पांढरे केले."

"बाबा," मागून पल्लवीनं विचारलं, "हे पांढरे कवा मरन?"

"शिदोरी सरली का," साहेब म्हणाले. "दाण्यात आईनं बांधून देल्ली असते ना, तेवढ्यावर उभे हाय. सोताचं अन्न शिजवता येत नाई त्याहिले."

पल्लवी त्या रोपांकडे पाहत राहिली. साहेबांनी उत्तर देताना तिच्याकडे पाहिलं नव्हतं, आणि लगेच ते दुसऱ्या वाफ्याकडे चालू लागले. मुलं त्यांच्यामागे गेली. तेव्हा मला एवढंच वाटलं, की बापलेकीचं आज काही बिनसलं असावं.

कारण कळलं ते थंडीत. अंगदुखीनं पल्लवीचं कॉलेज अधूनमधून बुडतं, एवढंच मला तोवर माहीत होतं. एका सकाळी खालून पल्लवीचा आवाज आला. ती रडत नव्हती, कण्हत होती. जनावर कण्हतं तसं, एका सुरात. मी धावत खाली गेले. ती गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. शीलावहिनी गरम पाण्याची पिशवी तिच्या मांडीला लावत होत्या आणि साहेब तिच्या उशाशी पाण्याचा पेला घेऊन बसले होते. "पी बेटा. अजून एक. पी." तिच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागाला पिवळी झाक होती. मला सांगावं लागलं नाही. आठवड्यापूर्वीच मी फळ्यावर रंगीत खडूनं ती आकृती काढली होती: गोल, मऊ रक्तपेशी आणि शेजारी विळ्यासारखी वाकलेली. सिकलसेल. पल्लवीनं दुसऱ्या बाकावर बसून ती नीट उतरवून घेतली होती.

दुपारपर्यंत तिला दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं, दुखणं उतरलं. संध्याकाळी साहेब व्हरांड्यात बसले होते. मी विचारलं नव्हतं, तेच बोलू लागले.

"पल्लवीच्या आधी मुलगा होता आमाले. अमोल. पाच-सहा महिने असा गुटगुटीत, का शेजारच्या बाया दृष्ट काढत. त्या टायमाले समजलं नाई, का आईच्या पोटातून जे रक्त घेऊन लेकरू येते ते साथ देऊन राह्यलं. ते सरलं, अन् आमचं देलेलं सुरू झालं. मंग हात सुजले, पाय सुजले. दोन वर्साचा होता. तापाचं निमित्त झालं, अन् एका दिवसात गेला."

पुढे म्हणाले, "माझ्यात या दुखण्याची एक प्रत होती, शीलाजवळ एक. आमाले दोघाहिले काहीच नाई होत. चारात एका लेकराले दोन्ही भेटते. आमाले दोन लेकरं झाले, अन् दोघाहिलेही भेटले. मी धानाची सात पिढ्यांची वंशावळ तोंडपाठ सांगत होतो, मॅडम. सोताच्या लग्नात मले सुचलं नाई. त्या टायमाले इकडे तपासणी नवती, ते खरं. पण मले सुचाले पाह्यजे होतं."

मी काहीतरी समजुतीचं बोलले असेन. त्यांनी ते ऐकलं नाही.

"हा फेर कोणी पाठवला नाई," ते म्हणाले. "एका अक्षराचा फेर. कोण्या जुन्या जमान्यात कोणाच्यातरी पोटी झाला असन. बाकी फेर येते अन् मिटून जाते. हा मिटला नाई, कारण या जंगलानं त्याले ठेवून घेतलं. इथचा हिवताप माहीत हाय ना तुमाले? ज्याच्याजवळ याची एक प्रत असते, त्याले हिवताप सहसा मारत नाई. माझा आजा त्या तापातून वाचला असन. म्हणून मी हाय. अन् माझा आजा वाचला, त्याची किंमत माझी पोरगी देऊन राह्यली."

खाली उतरत चाललेल्या उजेडात समोरचं जंगल काळं पडत होतं. मी त्या जंगलाकडे तोपर्यंत वाघाच्या भीतीनं पाहत असे. त्यानंतर ती भीती लहान वाटू लागली.

त्या वर्षांत साहेबांना एक छंद लागला, छंद कसला, ध्यासच. लग्न ठरल्याचं कळलं की ते त्या घरी जायचे आणि विचारायचे, "दोघाहिचं रक्त पाह्यलं का?" ओळखीचं घर असो की बिनओळखीचं, बौद्धांचं, गोंडांचं, कुणब्यांचं, त्यांना फरक नव्हता. कोणी ऐकत, तपासून घेत. एक-दोन ठिकाणी दोन्हीकडे एकेक प्रत निघाली आणि सोयरीक मोडली. मग गावोगावी बोललं जाऊ लागलं, की निमगडे साहेबाची सावली पडली का लग्न मोडते. मूल गावातल्या एका हळदीला मी त्यांच्यासोबत गेले होते. नवरीच्या मावशीनं त्यांना दारात पाहिलं आणि पटकन नवरीच्या तोंडावर पदर ओढला. साहेबांनी पाहिलं, आणि चपला न काढता तिथूनच वळले.

परतताना बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "पांढऱ्या वगारीचं सांगत होतो मी लोकाहिले. आता मीच पांढरी वगार झालो."

पत्रिका येणं हळूहळू थांबलं. शीलावहिनींना त्याचं वाईट वाटायचं. सख्ख्या भाच्याचं लग्न त्यांना झाल्यावर कळलं. साहेब म्हणायचे, "नाई बलावलं त नाई बलावलं. तपासून घेतलं असन त पुरे." पण संध्याकाळी बँडचा आवाज आला की ते उठून आत जात.

पल्लवी शिकत राहिली. वर्षातून तीन-चारदा तिला दुखणं गाठायचं, दोनदा रक्त द्यावं लागलं, एकदा तर डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून हळू आवाजात तयारी ठेवायला सांगितलं. ती प्रत्येक वेळी उठली. बी. एस्सी. झाली, प्रयोगशाळेचं प्रशिक्षण घेतलं आणि गडचिरोलीच्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला लागली. दिवसभर दुसऱ्यांच्या रक्तात विळे शोधायची. मी तोवर नोकरी बदलून नागपूरला परतले होते, पण सुट्टीत सिंदेवाहीला जाणं सुटलं नव्हतं. अशाच एका दिवाळीच्या सुट्टीत मी व्हरांड्यात बसले असताना ती शेवटच्या गाडीनं नव्हे, भर दुपारी आली आणि बॅगही न ठेवता साहेबांसमोर उभी राहिली.

"बाबा, मले लग्न करायचं हाय. प्रशांत नाव हाय. गडचिरोली डेपोत हाय."

साहेबांनी पेपर खाली ठेवला. त्यांच्या तोंडून तोच प्रश्न निघणार, हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून तीच पुढे म्हणाली, "रक्त मीच तपासलं त्याचं. एस. टी.त वाहक हाय, अन् रक्तातही वाहकच हाय."

शीलावहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुले माहीत हाय ना, बेटा?" साहेबांनी विचारलं.

"निम्म्या-निम. लेकराले माझ्याकडून एक प्रत भेटनच, त्याच्याकडून दुसरी भेटन का नाई, एवढाच प्रश्न. तुम्हीच शिकवलं."

"मंग?"

"मंग काही नाई. दुखणं सांगितल्यावर दोन पोरं पळाले. हा बसून राह्यला."

"लेकरू झालं त..."

"त माझ्यावानी होईन. मी वाईट हावो का बाबा?"

"वाईट कोण म्हणलं? दुखते तुले."

"दुखते ना. पण रोज थोडीच दुखते. मधातले दिवस कोणाचे हाय मंग?" ती आता खाली बसली. आवाज चढला नव्हता. "एक विचारू? तुमच्या अन् आईच्या लग्नाआधी कोणी असा माणूस घरी आला असता, रक्त पाह्यलं का म्हणून, तर सोयरीक मोडली असती. मी नसती झाली. तुमाले ते बरं वाटलं असतं का?"

साहेबांनी पेपरची घडी केली. ते उठले, स्कूटर काढली आणि केंद्रावर गेले. सुट्टीचा दिवस होता. पाठोपाठ वहिनींनी मला पाठवलं. ते एका बांधीच्या धुऱ्यावर उभे होते. समोर कापणीला आलेलं धान होतं आणि त्यात दोन-तीन वेगळ्या लोंब्यांची झाडं डोकं वर काढून उभी होती. एरवी त्यांचा हात आपसूक तिकडे गेला असता. ते हात पाठीमागे बांधून उभे राहिले, आणि ऊन कलेपर्यंत तसेच राहिले.

दोन दिवसांनी ते स्वतः प्रशांतच्या घरी गेले. पल्लवीचं सगळं दुखणं, अमोलचं जाणं, पुढचा धोका, सगळं त्याच्या आईवडिलांसमोर मांडलं. लपवलं काहीच नाही. प्रशांतच्या आईनं रडून घेतलं आणि मग चहा ठेवला. लग्न विहारात साधेपणानं झालं. जेवणाच्या पंगतीत कोणा आगाऊ पाहुण्यानं टोमणा मारलाच, "काय साहेब, रक्त पाह्यलं का?"

"पाह्यलं भाऊ," साहेब म्हणाले. "पाहून देलं."

मूल राहिलं तेव्हा पल्लवीच्याच जिवाचा भरवसा नव्हता. दोनदा रक्त चढवावं लागलं, शेवटचे महिने बहुतेक अंथरुणावर गेले. पोटातल्या बाळाची तपासणी नागपूरला करता येत होती. साहेबांनी मला फोन करून दवाखान्याची माहिती घेतली होती, पण पल्लवीनं नकार दिला. "तपासून करू काय?" एवढंच ती म्हणाली. जी दिवसभर दुसऱ्यांना तपासून घ्या म्हणून सांगायची, तिनं. साहेबांनी हट्ट धरला नाही. त्या महिन्यांत ते इतके वाळले, की शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा.

मुलगी झाली. सान्वी. आई वाचली, लेक धडधाकट. पल्लवी म्हणाली, "आणखी सहा महिने इले नुसतं लेकरू राहू द्या. मंग पाहू." टाचेतून रक्ताचा एक थेंब घेतला असता तर तेव्हाच कळलं असतं, आणि हे त्या घरात सगळ्यांपेक्षा जास्त बापलेकीला माहीत होतं. पण जो माणूस सहा बोटांचं मूल पाहायला ताटावरून उठत असे, तो आता पाहायला तयार नव्हता. मी बारशाला गेले होते. ते नातीला तासन्‌तास मांडीवर घ्यायचे, पण दुपट्यातून तिचे हात बाहेर काढत नसत.

"साऱ्या जगाचं पाहून आले," वहिनी मला आत स्वयंपाकघरात म्हणाल्या, "अन् नातीच्या हाताकडे पाहत नाई."

थंडी सुरू झाली आणि एका दुपारी त्यांचा फोन आला. नेहमीची विचारपूस नाही, काही नाही. "मॅडम, सान्वीचे हात सुजले," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढची तपासणी नुसती कागदाला हवी म्हणून झाली. पल्लवी आणि प्रशांत दोघांची नोकरी गडचिरोलीला, दोघांच्या वेळा उलटसुलट. म्हणून सान्वी सिंदेवाहीला आजी-आजोबांकडेच राहू लागली. अमोलच्या वेळी नव्हती ती औषधं आता होती. साहेब निवृत्त झाले होते. निरोप येत राहिले, पण ते कुठे जाईनात. नातीला पाणी पाजणं, वेळेवर गोळी देणं, थंडीत पायमोजे घालणं, एवढ्यात त्यांचा दिवस जायचा. मी गेले तेव्हा एकदा म्हणाले, "पह्यले मले वाटे, कारण समजलं का भेव जाते. कारण त समजलं. भेव तिथीच हाय. पण आता मी त्याच्यासंग बसतो."

त्या घरानं वर्षानुवर्षं पल्लवीच्या खोलीकडे कान लावून काढली होती. थंडी आली, पावसाळा आला, साधा खोकला आला, की सगळे तिच्याकडे पाहायचे. मरण आलं ते दुसऱ्याच दारानं. गेल्या मे महिन्यात साहेब भर उन्हात बाजारातून आले, पाणी प्यायले, जरा पडतो म्हणाले आणि उठलेच नाहीत. डॉक्टरांनी ऊन लागल्याचं सांगितलं.

मी पोचले तेव्हा दुसरा दिवस होता. घर माणसांनी भरलेलं. ज्या घरांनी त्यांना पत्रिका देणं बंद केलं होतं तीही आली होती. मूलच्या हळदीतली ती मावशीसुद्धा वहिनींचा हात धरून बसलेली दिसली. पल्लवी बायकांच्या घोळक्यात, प्रशांत मांडववाल्याशी बोलत. सान्वी, आता तीन वर्षांची, भिंतीशी गप्प बसून होती. लेकरू आजोबांसाठी झुरतंय, सकाळपासून खाल्लं नाही, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं.

मला पाहून ती उठली, माझ्याजवळ आली आणि चटईवर उताणी झोपली. मग तिनं आपला फ्रॉक वर केला.

"काय झालं, बेटा?"

"आबा पाह्यते," ती म्हणाली. "रोज."

मला कळेना. तिनंच माझा हात धरला आणि स्वतःच्या पोटावर, डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली ठेवला. माझ्या बोटांना काहीतरी लागलं. लहान मुलाचं पोट मऊ असतं; हे कच्च्या आंब्यासारखं कठीण होतं आणि बरगडीपासून पार खालपर्यंत आलेलं होतं. मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ओठ पांढरे पडले होते.

मी पल्लवीला हाक मारली. ती आली, खाली बसली, हात ठेवला आणि मुलीची खालची पापणी ओढून पाहिली. तिच्या चेहऱ्यावरचं रडं कुठल्या कुठे गेलं. "प्लीहा भरली," ती म्हणाली. "अंगातलं रक्त प्लीहेत साचून राह्यलं. प्रशांत, कोणाचीबी गाडी घे. रक्त लागन."

एका नातेवाइकाच्या गाडीतून आम्ही मूलमार्गे चंद्रपूर गाठलं. बाहेर रस्त्यावर एक माणूस नव्हता, सागवान वाळून काटक्या झालेलं. पल्लवीनं खिडकीला ओला टॉवेल लावला होता आणि ती मुलीशी एकसारखं बोलत होती, तिला झोपू देत नव्हती. सान्वीनं वाटेत एकदाच विचारलं, "आबा कुठी हाय?" पल्लवीनं तिला पाण्याचा घोट पाजला. दवाखान्यात पोचताच रक्त सुरू झालं. संध्याकाळपर्यंत ओठांना रंग आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर मूल हाती लागलं नसतं. आणि असंही म्हणाल्या, की हे पुन्हा होऊ शकतं, लक्ष ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले तेव्हा सान्वी झोपली होती. पल्लवी खाटेच्या एका बाजूला, प्रशांत दुसऱ्या. पल्लवीचे डोळे सुजलेले होते. बापासाठी रडायला तिला बहुतेक रात्रीच वेळ मिळाला होता.

"डॉक्टरानं प्लीहा कशी चाचपाची ते आमाले तिघाहिलेही शिकवलं होतं," ती मला म्हणाली. "पण बाबाच पाहत. रोज सकाळी, आंघोळीच्या आधी. आमाले कवा सवयच लागली नाई. बाबा होते ना."

प्रशांत उठला. नळावर जाऊन हात धुऊन आला, शर्टाला पुसून कोरडे केले. "मले दाखव," तो म्हणाला.

पल्लवीनं त्याचा हात घेतला आणि लेकीच्या बरगडीखाली ठेवला.

"दाबू नको. नुसता ठेव. ती श्वास घेईन तसं खालतून बोटाले लागन."

"लागून राह्यलं," तो म्हणाला. "एवढं असते का?"

"नाई. उतरून राह्यलं, पण आणखी उतराले पाह्यजे."

"अन् नाई उतरलं त?"

तिनं त्याचं बोट प्लीहेच्या खालच्या काठावर नेलं. "आता ध्यानात ठेव कितीक हाय ते," ती म्हणाली. "उद्या पुन्हा पाहजो."